मोबाईलवर पक्ष्यांची यादी : ‘ई-बर्ड’ काय आहे, नोंद कशी करायची आणि माळरानाच्या गावांना तिचा उपयोग काय?

सोलापूर : रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. गोफण, पत्र्याचा डबा, आरोळ्या, जे हाताशी असेल त्याने पाखरे राखावी लागतात. या भोरड्या पार मध्य आशियातून आणि युरोपच्या पूर्व भागातून येतात. पण यंदा त्या कोणत्या तारखेला आल्या, गेल्या वर्षीपेक्षा कमी होत्या का जास्त, दहा वर्षांपूर्वी किती यायच्या, हे गावात विचारले तर उत्तर एकच मिळते, ‘पूर्वी लई यायच्या’ किंवा ‘आता लई वाढल्यात’. आठवण असते, पण नोंद नसते.

ही नोंद ठेवण्याचे साधन आता बहुतेकांच्या खिशात आहे. साधा अँड्रॉइड मोबाईल आणि ‘ई-बर्ड’ नावाचे फुकट ॲप एवढ्यावर कोणीही पक्ष्यांची यादी शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचवू शकतो. देशभरातील हजारो हौशी लोक हे काम करतात. त्यांच्या याद्यांवरून भारतातील कोणता पक्षी वाढतो आहे आणि कोणता घटतो आहे, याचा अहवाल निघतो. अडचण एवढीच की याद्या जिथून येतात ती ठिकाणे मोजकी आहेत. शहरे, अभयारण्ये, मोठे तलाव यांच्या याद्या भरपूर येतात. साध्या गावाच्या माळाची, ज्वारीच्या रानाची यादी फार कमी येते. ही पद्धत काय आहे, यादी कशी भरायची आणि गावाला तिचा उपयोग काय, याची ही माहिती.

नागरिक विज्ञान म्हणजे काय?

सामान्य माणसांनी पगार न घेता निरीक्षणे गोळा करायची आणि शास्त्रज्ञांनी ती एकत्र करून निष्कर्ष काढायचे, या पद्धतीला नागरिक विज्ञान म्हणतात. पाऊस मोजणे, झाडाला मोहोर कधी आला ते लिहिणे, फुलपाखरे मोजणे अशी अनेक कामे या पद्धतीने चालतात. त्यात पक्षी मोजण्याचे काम सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे आहे.

अमेरिकेत १९०० साली नाताळच्या दिवशी पहिली पक्षीगणना झाली. त्या काळी नाताळात पक्ष्यांची शिकार करण्याची रीत होती. फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाने सुचवले की मारण्याऐवजी मोजा. पहिल्या वर्षी २५ ठिकाणी मिळून २७ माणसे होती. ती गणना अजूनही दरवर्षी होते.

भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होत आली आहे. २००७ मध्ये बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस या संस्थेतून ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू झाला. स्थलांतरित पक्षी पहिल्यांदा कधी दिसला, एवढीच तारीख लोकांनी कळवायची होती. पुढे त्यात चातकावर खास मोहीम झाली. चातक पावसाच्या पुढे येतो असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या म्हणतात. तो खरोखर आफ्रिकेतून मॉन्सूनच्या आगेमागे मध्य आणि उत्तर भारतात येतो. दक्षिणेत मात्र काही चातक वर्षभर राहतात. ही समजूत कुठे किती खरी आहे ते तपासायला गावोगावच्या तारखा लागतात. त्या तारखा कोणा एका शास्त्रज्ञाला फिरून गोळा करता येणार नाहीत.

वहीतून मोबाईलवर

पूर्वी पक्षीनिरीक्षक वहीत लिहायचे. ती वही कपाटात पडून राहायची आणि माणूस गेला की रद्दीत जायची. २००२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने आणि नॅशनल ऑड्युबन सोसायटीने मिळून ई-बर्ड सुरू केले. आधी ते फक्त संगणकावर होते, नंतर मोबाईलवर आले. २०२१ मध्ये जगभरातील नोंदींनी १०० कोटींचा टप्पा ओलांडला. भारतात ‘बर्ड काउंट इंडिया’ हा पक्षीसंस्था आणि गटांचा समूह या कामाला दिशा देतो.

मोबाईलमुळे फरक पडला तो मुख्यतः तीन गोष्टींत. ठिकाण आपोआप नोंदले जाते. वेळ आणि चाललेले अंतर आपोआप मोजले जाते. यादी घरी जाऊन उतरवावी लागत नाही, त्यामुळे विसरभोळेपणा कमी होतो. पक्षी बघणे आणि ओळखणे हे काम मात्र माणसाचेच राहिले आहे.

यादी कशी भरायची?

१) ॲप डाउनलोड करून नाव आणि ईमेलने खाते उघडायचे. पैसे लागत नाहीत. घरून निघण्याआधी, रेंज असताना, आपल्या भागातील पक्ष्यांच्या नावांचा संच ॲपमध्ये उतरवून घ्यायचा. मग माळावर रेंज नसली तरी काम चालते. यादी मोबाईलमध्येच साठते आणि नेट आल्यावर पाठवता येते.

२) जागेवर पोहोचल्यावर यादी सुरू करायची. तारीख आणि वेळ ॲप स्वतः घेते. एकाच जागी उभे राहून बघितले तर ‘एका जागी’ आणि चालत बघितले तर ‘चालत’ असा प्रकार निवडायचा. दुसरेच काही काम चालू असताना सहज एखादा पक्षी दिसला तर त्याचा प्रकार वेगळा असतो, तोही त्यात आहे.

३) किमान १५ मिनिटे बघावे. बांधावर बसून १५ मिनिटे म्हणजे न्याहारीचा वेळ. फार लांबची यादी करण्यापेक्षा छोट्या छोट्या याद्या जास्त उपयोगी पडतात, कारण पक्षी नेमका कुठला ते कळते. दहा किलोमीटरची एक यादी केली तर पक्षी ओढ्यावर होता की माळावर, हे सांगता येत नाही.

४) जो पक्षी दिसला किंवा आवाजावरून ओळखला, त्याच्यापुढे आकडा लिहायचा. चिमण्या १२, होले ४, कोतवाल ३ असे. मोठा थवा असेल तर अंदाज लिहिला तरी चालतो. थव्याचा एक भाग मोजायचा, तसे किती भाग आहेत ते बघायचे आणि गुणायचे.

५) सोबत किती जण होते तो आकडा भरायचा. ही जागा गावात फार कामाची आहे. ज्यांना पक्षी सगळ्यांत जास्त कळतात ते गुराखी, मेंढपाळ, पारधी समाजातील जाणती माणसे स्मार्टफोन वापरतातच असे नाही. त्यांच्याबरोबर एखादा शाळकरी पोरगा मोबाईल घेऊन बसला, एकाने ओळखायचे आणि दुसऱ्याने लिहायचे, तर यादी पक्की होते.

६) शेवटी ॲप एक प्रश्न विचारते. ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिलेत का? या प्रश्नाचे उत्तर खरे द्यायचे. पूर्ण पद्धतीचा पाया याच प्रश्नावर उभा आहे.

कावळा, साळुंकीसुद्धा का लिहायची?

नवीन माणूस इथेच चुकतो. दोन तास फिरून तो फक्त एक धाविक आणि एक भोवत्या लिहितो. कावळा, साळुंकी, होला कशाला लिहायचे असे त्याला वाटते. पण अशा यादीतून हिशेब निघत नाही.

बाजार समितीत फक्त एक नंबर मालाचीच पट्टी लिहून ठेवली आणि बाकीचा माल सोडून दिला, तर त्या दिवसाचा सरासरी भाव निघेल का? तसेच इथे आहे. शास्त्रज्ञ पक्ष्यांची थेट बेरीज करत नाहीत. पूर्ण भरलेल्या शंभर याद्या घेतल्या तर त्यातल्या किती याद्यांत नीळकंठ आहे, हे ते बघतात. समजा दहा वर्षांपूर्वी शंभरातल्या ४० याद्यांत नीळकंठ होता आणि आज २५ याद्यांत आहे, तर तो कमी दिसू लागला आहे. यादी भरणारी माणसे दुप्पट झाली तरी हे प्रमाण बिघडत नाही. नुसती बेरीज केली असती तर माणसे वाढली म्हणून पक्षीही वाढले असा उलटा निष्कर्ष निघाला असता.

पूर्ण यादीचा दुसरा फायदा म्हणजे ‘दिसला नाही’ हीसुद्धा माहिती होते. यादीत सगळे ओळखीचे पक्षी लिहिले आहेत आणि त्यात चिमणी नाही, याचा अर्थ त्या पाऊण तासात त्या जागी चिमणी दिसली नाही. अर्धवट यादीत चिमणी नसेल तर ती नव्हती की लिहिली नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून दुर्मीळ पक्ष्याच्या एका झकास फोटोपेक्षा त्याच बांधावरून दर आठवड्याला भरलेली साधी, पूर्ण यादी अभ्यासाला जास्त कामी येते.

चुकीची नोंद कशी पकडली जाते?

कोणीही काहीही लिहू शकतो, मग या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा, अशी शंका येणे साहजिक आहे. त्यासाठी दोन चाळण्या आहेत. पहिली चाळणी संगणकाची. त्या भागात, त्या महिन्यात कोणता पक्षी किती संख्येने दिसू शकतो याची मर्यादा आधीच ठरवलेली असते. मे महिन्यात कोणी पट्टकादंब लिहिला, किंवा शंभर कापशी घारी लिहिल्या, तर ॲप तिथेच अडवते आणि खुलासा मागते.

दुसरी चाळणी माणसांची. त्या भागातील जाणकार स्वयंसेवक अडकलेल्या नोंदी तपासतात. ते फोटो किंवा वर्णन मागतात. समाधान झाले नाही तर ती नोंद लिहिणाऱ्याच्या खात्यात राहते, पण अभ्यासाच्या आकडेवारीत धरली जात नाही. असा ईमेल आला म्हणजे अपमान झाला असे समजू नये. जुन्याजाणत्यांनाही असे ईमेल येतात.

पक्षी ओळखता आला नाही तर अंदाजाने नाव लिहू नये. ‘चंडोल, जात नक्की नाही’ अशा नोंदीचीही सोय ॲपमध्ये आहे.

आवाज ओळखणारे ॲप : मदत आणि फसगत

याच कॉर्नेल प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ नावाचे दुसरे ॲप आहे. फोटो दाखवला की ते पक्ष्याचे नाव सुचवते. २०२१ पासून आवाज ऐकूनही नाव सुचवू लागले. शिकणाऱ्याला हे फार उपयोगी आहे. झाडीत लपलेला पक्षी कोणता, हे त्यामुळे शोधता येते.

पण मर्लिनने सांगितले म्हणून लिहिले, असे करू नये. कोतवाल पक्षी शिक्र्यासारखा आवाज काढतो. साळुंकी वर्गातले पक्षी नकला करतात. मागे मोटार चालू असेल, वारा असेल, तरी गफलत होते. मर्लिनने नाव दाखवल्यावर पक्षी डोळ्यांनी बघायचा किंवा आवाज स्वतःच्या कानाला पटला पाहिजे, मगच यादीत घ्यायचा. मशीनने ओळखलेले आणि माणसाने न तपासलेले पक्षी यादीत भरले तर पुढच्या सगळ्या हिशेबात खोट येते.

या याद्यांतून काय बाहेर आले?

भारतातील याद्या एकत्र करून २०२० मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा पहिला अहवाल निघाला. दुसरा ऑगस्ट २०२३ मध्ये आला. दुसऱ्या अहवालासाठी ३० हजारांच्या आसपास पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदी वापरल्या गेल्या. १३ संस्थांनी मिळून ९४२ जातींची स्थिती तपासली.

त्यातील मुख्य बाबी अशा :

– दीर्घ काळाचा कल ज्यांचा सांगता आला अशा ३३८ जाती होत्या. त्यातील ६० टक्के जाती घटल्या, २९ टक्के स्थिर राहिल्या आणि ११ टक्के वाढल्या.

– १७८ जातींकडे तातडीने लक्ष देण्याची गरज आहे. २०२० च्या अहवालात अशा जाती १०१ होत्या.

– सर्वांत जास्त फटका शिकारी पक्षी, किनाऱ्यावरचे स्थलांतरित पक्षी, बदके आणि गवताळ माळरानासारख्या उघड्या जागांवर राहणारे पक्षी यांना बसला आहे.

– तारेवर बसलेला दिसणारा, दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीळकंठ साधारण बारा वर्षांत ३० टक्क्यांच्या आसपास घटला. तो पूर्वी अगदी साधा पक्षी समजला जायचा. जागतिक धोक्याच्या यादीत त्याची स्थिती पुन्हा तपासावी अशी शिफारस अहवालाने केली.

– मोर आणि कोकीळ यांची मात्र मोठी वाढ झाली. मोराची वाढ दीडशे टक्क्यांच्या घरात आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मोराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मोर पेरलेले दाणे उकरतात, टोमॅटो, मिरचीचे नुकसान करतात, ही तक्रार अनेक गावांत आहे. ती केली की ‘पूर्वीपासून मोर होतेच’ असे उत्तर मिळते. मोर खरेच वाढले आहेत, हे आता हौशी पक्षीनिरीक्षकांच्याच याद्यांनी दाखवले. या नोंदी फक्त पक्ष्यांच्या बाजूने बोलतात असे नाही. जे आहे ते सांगतात.

चिमणीबाबतही तसेच झाले. मोबाईल टॉवरमुळे देशभर चिमण्या संपल्या असे सर्रास बोलले जाते. २०२० च्या अहवालात दिसले की देशपातळीवर चिमणी साधारण स्थिर आहे, सहा महानगरांत मात्र ती घटली आहे.

मोजणी नसली तर काय होते?

गिधाडांचे उदाहरण जुन्या शेतकऱ्यांना चांगले आठवत असेल. मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की काही तासांत गिधाडे सांगाडा मोकळा करायची. १९९० च्या दशकात ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीचे गिधाड ९९ टक्क्यांहून जास्त घटले. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात आधीपासून मोजणी होत होती, म्हणून ही घट आकड्यांत पकडता आली. पुढे कारण सापडले ते जनावरांना सूज आणि दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक. ते औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोपर्यंत फार उशीर झाला होता.

गिधाड मोठा पक्षी असूनही एवढा वेळ गेला. चंडोल, पखुर्डी, माळटिटवी हे तर मातीच्या रंगाचे छोटे पक्षी. ते कमी झाले तर कोणाच्या लक्षात येणार?

नकाशावरची कोरी जागा

यादी भरणारे लोक जिथे राहतात आणि जिथे फिरायला जातात, तिथूनच याद्या येतात. सोलापूर जिल्ह्यात हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित आणि पट्टकादंब बघायला बाहेरून लोक येतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. अशा ठिकाणी कॅमेरे जातात आणि याद्याही होतात. पण सांगोला, मंगळवेढा, करमाळा, बार्शी, अक्कलकोट या तालुक्यांतले एखादे साधे गायरान, पाझर तलावाची कड, ज्वारीचे रान इथे मुद्दाम पक्षी बघायला कोण येणार? तिथली यादी गावातल्या माणसानेच भरली तर होईल. ई-बर्डवर जिल्ह्याचे पान उघडून नकाशा बघितला की आपल्या गावाच्या आसपास किती नोंदी आहेत ते कोणालाही तपासता येते.

कोरी जागा म्हणजे तिथे पक्षी नाहीत असे नव्हे. तिथे कोणी लिहिले नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. माळरानाचे नेमके इथेच नुकसान होते. सरकारी नकाशात अनेक उघडे माळ ‘पडीक’ या सदरात मोडतात. पडीक म्हटले की तिथे काही नाही असे धरून कधी झाडे लावायची योजना येते, कधी दुसरा प्रकल्प येतो. प्रकल्प यावा की न यावा हा निर्णय गावाचा आणि शासनाचा आहे. पण तो घेताना त्या माळावर काय होते हे माहीत असले पाहिजे. हिवाळ्यात भोवत्या कुठे मुक्कामाला उतरतात, पखुर्ड्या कुठल्या तळ्यावर पाणी प्यायला येतात, हे गुराख्याला माहीत असते. तारीखवार लिहिलेले नसेल तर बैठकीत ते कोणी धरत नाही.

केरळने याबाबत वेगळा मार्ग काढला. २०१५ ते २०२० या काळात तिथे पूर्ण राज्याचा पक्षीनकाशा तयार झाला. एक हजाराहून अधिक स्वयंसेवक होते. जिथे पक्षी चांगले दिसतात तिथे जाण्याऐवजी राज्याचे छोटे छोटे चौकोन पाडून, ठरलेल्या चौकोनात जाऊन त्यांनी याद्या केल्या. सुमारे तीन लाख नोंदी आणि ३६१ जाती मिळाल्या. कोरी जागा भरायची तर असे ठरवून जावे लागते.

ग्रामपंचायतीला उपयोग

जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. गावातील झाडे, पिकांचे वाण, जनावरे, पक्षी, पाणवठे यांची माहिती तिच्यात असावी लागते. पक्ष्यांचे पान भरताना पुस्तकातून नावे उतरवण्यापेक्षा गावातच वर्षभर केलेल्या याद्या जोडल्या तर ती नोंदवही खरी होते. ई-बर्डवरील याद्या केव्हाही काढून घेता येतात. भरलेली माहिती परत मिळत नाही अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

शाळांनाही हे काम जमण्यासारखे आहे. शाळेच्या आवारात आठवड्यातून एकदा १५ मिनिटे, एकच जागा, एकच वेळ. गुरुजींचा एक मोबाईल पुरतो. वर्षाअखेरीस कोणता पक्षी कोणत्या महिन्यात येतो याचा तक्ता मुलांच्या हातात असतो.

कोणाकडे जुन्या वह्या असतील तर त्या फेकू नयेत. तारीख, ठिकाण आणि पक्ष्यांची नावे असतील तर जुन्या याद्याही ई-बर्डवर भरता येतात. २००० सालाआधीच्या अशा याद्यांमुळेच देशाच्या अहवालात दीर्घ काळाची तुलना करता आली.

ही काळजी घ्यावी

– घरट्याजवळ जाऊ नये, अंडी-पिलांचे फोटो काढण्याच्या नादात पक्षी उठवू नये. उन्हाळ्यात टिटवी, धाविक, चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. पक्षी उठला की उन्हाने अंडी खराब होतात.

– पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नये.

– शिकार किंवा चोरीचा धोका असलेल्या पक्ष्यांची नेमकी जागा ई-बर्ड सर्वांना दाखवत नाही. ती जागा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर मात्र हा सगळा बंदोबस्त फुकट जातो.

– घराजवळ यादी केली तर ठिकाणाला स्वतःचे नाव किंवा घर क्रमांक देऊ नये. गावाचे नाव पुरे.

– दुसऱ्याच्या रानात जायचे तर आधी विचारावे. उभ्या पिकातून चालू नये.

– नावांचा घोळ टाळावा. एकाच पक्ष्याला दर तालुक्यात वेगळे नाव असते. गावातले नाव आणि पुस्तकातले नाव शेजारी शेजारी वहीत लिहून ठेवले की गोंधळ होत नाही. गावातली नावेही त्यामुळे टिकतात.

मोजणीचे दिवस

यादी वर्षात कधीही भरता येते. तरी काही दिवस ठरलेले आहेत. त्या वेळी सगळीकडे एकदम मोजणी होते, नवख्यांना जाणकारांची सोबत मिळते.

– फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ होतो. भारत त्यात २०१३ पासून आहे. शाळा-महाविद्यालयांची आवारातील मोजणीही याच दिवसांत होते.

– मे आणि ऑक्टोबरमध्ये जगभर एकेक दिवस मोठी मोजणी होते.

– महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. चितमपल्ली हे सोलापूरचेच. वनखात्यात काम करता करता त्यांनी आदिवासी, पारधी, कोळी यांच्याकडून पक्ष्यांची देशी नावे आणि माहिती गोळा करून लिहून ठेवली. तेव्हा मोबाईल नव्हता. जाणत्या माणसाला विचारायचे आणि तारखेसह लिहायचे, ही पद्धत तीच आहे.

पक्षी सोडून इतर नोंदी करायच्या असतील तर झाडांच्या पालवी, फुले, फळांसाठी ‘सीझनवॉच’ आहे. कीटक, साप, वनस्पती अशा कशाचाही फोटो टाकून ओळख मिळवण्यासाठी ‘आय-नॅचरलिस्ट’ आहे. दोन्ही फुकट आहेत.

सुरुवात करायला दुर्बीण नसली तरी चालते. दहा पक्षी ओळखता आले तरी पुरे. चिमणी, कावळा, साळुंकी, होला, बुलबुल, कोतवाल, वेडा राघू, टिटवी, गायबगळा आणि घार हे दहा पक्षी गावात बहुतेकांना येतातच. मोटार चालू करून पाटाचे पाणी सरीला पोहोचेपर्यंत बांधावर बसावेच लागते. तेवढ्या वेळात एक यादी होते. भोरड्या आल्या की तो दिवस मात्र चुकवू नये. पुढच्या वर्षी ‘कधी आल्या होत्या?’ असे कोणी विचारले तर तारीख सांगता येईल.